आजारी ऑर्किडची कुंडी बदलताना या चुका टाळा

पानं सुरकुतून खाली लोंबायला लागली की आपला हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. ऑर्किडचं नेमकं इथंच बिघडतं. झाड तहानलेलं दिसतं, पण कुंडीत पाणी भरपूर असतं. ते वर पोचवणारी मुळंच कुजलेली असतात. मग जितकं पाणी घालाल तितकी उरलीसुरली मुळंही जातात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ऑर्किड मरतं ते दुर्लक्षामुळे कमी आणि मायेनं रोज घातलेल्या पाण्यामुळे जास्त.

म्हणून पान बघून निदान करू नका, मूळ बघा. झाड अर्धा तास पाण्यात ठेवलं की मुळं लवचीक होतात, मग ती न मोडता कुंडीतून निघतात. चांगलं मूळ बोटांत दाबलं तर टणक लागतं. कोरडं असताना ते चंदेरी-राखाडी दिसतं, पाणी लागलं की बघता बघता हिरवट होतं, कारण त्याच्यावर पाणी शोषून घेणारं स्पंजासारखं आवरण असतं. कुजलेलं मूळ दाबलं की त्यातून पाणी सुटतं, साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. असली मुळं बिनदिक्कत कापा. पण रंगावर जाऊ नका. नारळाच्या सोडणात वाढलेलं मूळ तपकिरी दिसतं आणि तरीही टणक, जिवंत असतं. कुंडीबाहेर हवेत लोंबणारी मुळंही रोगाची खूण नव्हेत. दिसायला बरं नाही म्हणून ती छाटू नका.

माती घालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शहापुरातल्या एका काकूंचं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड बघायला गेलो होतो. जुन्या प्लास्टिकच्या बादलीत दाटीवाटीनं वाढलेलं, अर्ध्याहून जास्त काठ्या (म्हणजे त्याची काठीसारखी उभी खोडं) पानं गळून उघड्या पडलेल्या.

"काकू, ह्यात माती कुणी घातली?"

"नर्सरीतनं आणलं तेव्हा नुसता कोळसा होता की रे. म्हटलं, रोपाला खायला काय मिळणार? म्हणून लाल माती आणि शेणखत घातलं."

बादली कापून काढली. बादलीच्या कडेनं फिरलेली मुळं पांढरी, टणक होती, कारण तिथं फटीतून हवा खेळत होती. मधला गोळा मात्र काळा चिखल, आंबूस वास मारणारा, आणि त्यातल्या मुळांचे नुसते दोरे उरलेले. एकाच झाडाच्या मुळांत एवढा फरक केवळ हवेमुळे पडला होता.

आपण घरात लावतो ती फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा ही ऑर्किडं रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ती त्या झाडाचा रस शोषत नाहीत, नुसता आधार घेतात. पाऊस पडतो, मुळं भिजतात आणि वाऱ्यानं लगेच सुकतात. कुंडीत आपल्याला तेवढंच जमवायचं असतं. लाकडी कोळसा, फुटक्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे एवढं पुरे. खानापूर भागात कौलांना तोटा नाही. जुन्या घराचं छप्पर उतरवताना पोतंभर तुकडे सहज मिळतात. सोडण मात्र दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, त्यात क्षार असतात. आमच्याकडच्या पावसात सोडणाचं प्रमाण कमी आणि कौल-कोळशाचं जास्त ठेवलेलं बरं. खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडे राहत असाल तर डेंड्रोबियमसाठी सोडण वगळलं तरी चालेल.

विकतच्या फॅलेनॉप्सिसचा घोळ वेगळा. ते येतं पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात, शेवाळासारखा स्फॅग्नम मॉस घट्ट ठासून. वरून मॉस कोरडा लागतो, आत गाभ्यात आठवडाभर ओल टिकते. फुलं संपली की तो मॉस बोटांनी हळूहळू सोडवून काढा. मधोमध बरेचदा रोपवाटिकेतला छोटा प्लग, म्हणजे रोप लहानपणी ज्यात वाढवलं तो घट्ट गोळा, तसाच राहिलेला असतो. कूज तिथूनच सुरू होते.

चुकीची वेळ आणि मोठी कुंडी

कळ्या-फुलं असताना कुंडी बदलू नका. ऐन थंडीतही नको, कारण डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र गार आणि हवा कोरडी असते, नवी मुळं फुटत नाहीत. वळीव पडून गेल्यावर, मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा ही आपल्याकडची चांगली वेळ. हवेत दमटपणा येतो आणि नव्या फुटव्याच्या बुडाशी मुळांची हिरवी टोकं दिसायला लागतात. ती टोकं अर्ध्या बोटाएवढी व्हायच्या आत काम उरका, नंतर ती हाताळताना मोडतात. मुळं सडल्याची शंका असेल तर मात्र मुहूर्त बघत बसू नका, कोणत्याही महिन्यात काढा.

झाड वाढलंय म्हणून मोठी कुंडी घेणं ही त्याच्या जोडीची चूक. कुंडी पानांच्या पसाऱ्यावर ठरवायची नाही. कापून उरलेली मुळं जेमतेम मावतील आणि पुढच्या दोन वर्षांची वाढ बसेल एवढीच घ्या. मोठ्या कुंडीचं पोट ओलं राहतं. मातीच्या कुंडीला बाजूनंही भोकं असतील तर उत्तम. जुन्या कुंडीला चिकटलेली मुळं ओढून काढू नका. कुंडी फोडा आणि खापराचे तुकडे मुळांसकट नव्या कुंडीत जाऊ द्या.

उघड्या काठ्या कापणं

डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या काठ्या मेलेल्या वाटतात, पण हिरव्या आणि टणक असतील तर त्या झाडाची शिदोरी आहेत. नव्या फुटव्याला पाणी आणि अन्न त्यांच्यातूनच जातं, कधी कधी त्यांना पुन्हा फूलही येतं. पिवळी, पोकळ, वाळलेली काठी तेवढी काढा. गड्डा फार वाढला म्हणून त्याची आठ रोपं करायचा मोह होतो, तोही आवरा. प्रत्येक भागात निदान तीन-चार काठ्या आणि एक नवा फुटवा हवा, नाहीतर रोपं नुसती जगतात, फुलत नाहीत. काकूंच्या त्या बादलीतून आम्ही दोनच रोपं केली.

कात्री प्रत्येक झाडासाठी विस्तवावर तापवून किंवा स्पिरिटनं पुसून घ्या. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि त्यांवर औषध नाही. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात, ती फक्त जखमेवर. मुळांवर भुरभुरलीत तर चांगली मुळंही सुकतील. शेतकरी घरांत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण हाताशी असतं, ते डेंड्रोबियमवर मारू नका. मोरचुदातलं तांबं त्याला सोसत नाही.

लावताना जुन्या काठ्या कुंडीच्या कडेला टेकवा आणि नवा फुटवा मधल्या मोकळ्या जागेकडे ठेवा. बुडखा पुरायचा नाही, वरच बसवायचा. आणि झाड आधाराच्या काठीला घट्ट बांधा. हे बहुतेक जण विसरतात. झाड हललं की मुळांची कोवळी टोकं कोळशावर घासून मरतात, आणि आपण म्हणतो, सगळं नीट केलं तरी रुजत का नाही!

लावल्यानंतरची घाई

एक-दोन दिवस पाणी नको, जखमा सुकू द्या. नंतर सकाळी भरपूर पाणी घाला, ते खालून पूर्ण निथळू द्या आणि सुकत आल्यावरच पुन्हा घाला. जुलै-ऑगस्टच्या झडीत नवी लावलेली कुंडी उघड्यावर ठेवू नका, पत्र्याखाली पण वारा लागेल अशा जागी टांगा. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर शेंडा कुजतो. कापसानं टिपून घ्या, कुंडी जराशी तिरकी ठेवा. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची टोकं खातात. बॅटरी घेऊन बघा, सापडतील.

ज्याचं एकही मूळ उरलं नाही त्या फॅलेनॉप्सिसला पिळून घेतलेल्या ओलसर मॉसवर टेकवून पारदर्शक डब्यात ठेवा, उजेडात पण उन्हात नाही, आणि रोज झाकण उघडून हवा द्या. महिने लागतात. जुन्या पानांच्या सुरकुत्या बरेचदा जातच नाहीत, त्यांच्याकडे बघून खचू नका. नवं मूळ दिसलं की झाड वाचलं म्हणायचं.

तोवर खत अजिबात नाही. मूळ नसलेल्या झाडाला खताचा उपयोग नाही, क्षारांचा त्रास तेवढा होतो. मुळं बोटभर झाली की कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा द्या, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा. बोअरचं पाणी वापरत असाल तर हे चुकवू नका. कुंडीवर पांढरी पुटं चढतात तोच क्षार मुळांवरही बसतो. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

मेलेल्या झाडाच्या जागी रानातून दुसरं आणायचा विचार करू नका. खानापूरच्या जंगलात सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड फुललेलं दिसतं, पण भीमगड अभयारण्यातून रोप काढणं हा गुन्हा आहे, आणि उपटलेलं रोप घरी बहुधा जगतही नाही.

उभारी धरणाऱ्या झाडाला पहिल्याच वर्षी कळ्यांचा दांडा आला तर तो कापा. जड जातं, कबूल आहे. पण दोन पानांचं, चार मुळांचं झाड फुलायला निघालं तर उरलीसुरली ताकद त्यातच संपते. दांडा काढल्यावर तीच ताकद नव्या पानाला आणि नव्या मुळांना मिळते.