यूकेत थंडीचा कोट चॅरिटी शॉपमधून घेताना

लीड्स-मँचेस्टरला शिकायला निघालेल्यांनी पुण्या-मुंबईत जाडजूड कोट घेऊन बॅगेचं वजन वाढवू नये. तिथे बहुतेक गावांच्या बाजारपेठेत ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा संस्थांची चॅरिटी शॉप्स असतात. लोकांनी दिलेले कपडे, पुस्तकं, भांडी तिथे विकतात आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. सधन वस्तीतल्या दुकानात माल सहसा उजवा मिळतो. तेवढ्यासाठी बसचं तिकीट काढायला हरकत नाही.

कोट हातात आला की आधी आतलं लेबल वाचा. लोकरीचं प्रमाण जितकं जास्त तितकी ऊब चांगली. मग तो उजेडासमोर धरा. कसर लागली असेल तर बारीक भोकं लगेच दिसतात. असा कोट फुकट मिळाला तरी नको, कारण ती कसर कपाटातल्या बाकीच्या लोकरी कपड्यांनाही लागते. काखेतलं अस्तर आणि खिशांचे तळ चाचपून बघा, चेन दोन-तीनदा वर-खाली करा. बटण तुटलेलं चालेल, घरी लावता येतं. चेन बदलायला मात्र कधी कधी कोटाच्या किमतीहून जास्त पैसे पडतात. आणि कोट अंगात घालून बघायचा तो स्वेटरवरूनच.

कोटाबरोबर घरासाठी आणखी काही घेणार असाल, तर विजेच्या वस्तूवर तपासणीचं स्टिकर आहे ना ते बघा. सोफ्यावर तिथल्या १९८८च्या नियमांप्रमाणे अग्निसुरक्षेचं लेबल हवंच.

घासाघीस करू नका. गल्ल्यावरच्या आजी बहुधा बिनपगारी सेवा देत असतात.