ओव्हलवर गाडी बाहेर ओढते? सेटअपला हात लावण्याआधी हे करा

आयरेसिंग या कार-शर्यतीच्या कम्प्युटर गेममध्ये शार्लटच्या दीड मैलाच्या ओव्हलवर (अंडाकृती ट्रॅकवर) स्टिअरिंग डावीकडे कितीही फिरवलं तरी वळणाच्या मध्यात गाडी उजव्या भिंतीकडे सरकते. वडोदऱ्यात दांडिया बाजारातली आमची पोरं लगेच सेटअप, म्हणजे गाडीच्या यांत्रिक जुळवणीचे आकडे, उघडून बसतात. बहुतेक वेळा गरजच नसते.

१. नेहमीपेक्षा दोन गाड्यांच्या लांबीइतकं आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, तोही हळूहळू.

२. गाडी आतल्या रेषेला लागेपर्यंत धीर धरा. हीच खरी परीक्षा. अर्ध्या वळणातच गॅस दाबला की वजन मागे जातं, पुढचे टायर हलके पडतात आणि मग जास्त स्टिअरिंग फिरवून उजवा पुढचा टायर नुसता घासत राहतो. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच गॅस.

३. आठ-दहा लॅप मारून पिटमध्ये या, टायरचं तापमान बघा. उजवा पुढचा टायर उजव्या मागच्यापेक्षा बराच तापलेला असेल तरच क्रॉसवेट (उजवा पुढचा आणि डावा मागचा टायर मिळून गाडीच्या वजनाचा जो वाटा उचलतात तो) थोडंसं कमी करा.

एका वेळी एकच बदल करा. क्रॉसवेट फार उतरवलं तर वळणातून बाहेर पडताना गाडीची मागची बाजू सुटते, आणि टायर झिजल्यावर ती सावरणं फार कठीण जातं.