पहिल्या उड्डाणाआधी या चुका टाळा: नवख्या कॅडेटांसाठी एअरमनशिप

एनसीसीच्या एअर विंगमध्ये दाखल झालेल्या मुलामुलींच्या कानांवर 'एअरमनशिप', म्हणजे विमानाजवळ आणि विमानात सुरक्षितपणे वागण्याची शिस्त, हा शब्द लवकरच पडतो आणि विमान हवेत गेल्यावर हा विषय सुरू होतो, अशी बहुतेकांची समजूत होते. प्रत्यक्षात नवख्यांच्या ज्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, त्यांतील बहुतेक हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवण्याच्या शेडच्या, दारापासून कॉकपिटपर्यंतच्या अंतरातच घडतात. त्यांच्या मुळाशी अज्ञानापेक्षा संकोच अधिक असतो. "मी ते पाहिले नाही", "मला कळले नाही", "माझ्याकडून राहिले" ही वाक्ये सरांसमोर उच्चारण्याची लाज वाटते.

सर्वांत धोक्याची चूक प्रॉपेलरविषयीची आहे. फिरणारा प्रॉपेलर जवळजवळ दिसत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते. थांबलेला प्रॉपेलरही अचानक फिरू शकतो, हे मात्र पटवून द्यावे लागते. सेसना १५२ किंवा १७२ यांसारख्या विमानांच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटोमुळे पडते. इंजिन फिरले की मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरीची गरज नसते. किल्ली 'ऑफ'वर नेली की एका तारेमार्फत मॅग्नेटोचा प्रवाह इंजिनाच्या धातूत उतरतो आणि ठिणगी बंद होते. पण तीच तार तुटलेली किंवा सैल झालेली असेल, तर किल्ली खिशात असतानाही प्रॉपेलरला हाताने दिलेला थोडासा हिसका इंजिन सुरू करू शकतो. म्हणून प्रॉपेलरला टेकून उभे राहू नये, त्यावर हात ठेवून छायाचित्र काढू नये आणि त्याच्या फिरण्याच्या कक्षेतून कधीही चालत जाऊ नये. "मग सर मायक्रोलाइटचा (छोट्या, हलक्या विमानाचा) प्रॉपेलर हाताने का फिरवतात?" असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. त्यातील रोटॅक्स ९१२ इंजिनातील तेलाची पातळी नीट कळण्यासाठी प्रॉपेलर काही फेरे फिरवावा लागतो. ते काम इग्निशन बंद असल्याची खात्री करून, ठरलेल्या दिशेनेच आणि प्रशिक्षित माणसानेच करायचे असते. प्रॉपेलर पुढे असलेल्या विमानाकडे नेहमी पंखाच्या मागच्या बाजूने आणि वैमानिकाने खूण केल्यावरच जावे.

उड्डाणापूर्वी विमानाभोवती घालायच्या फेरीत कॅडेट बघतात, पण काय शोधायचे ते ठरवून बघत नाहीत. वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या पिटो ट्यूबवरच्या आच्छादनाला लांब लाल फीत का असते, हे एका दुर्घटनेवरून समजते. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून सँटियागोला निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ विमानाची सफाई करताना स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रे, चिकटपट्टीने झाकले गेले होते आणि सफाईनंतर ती पट्टी काढायची राहिली. बाहेरच्या हवेचा दाब यंत्रांपर्यंत पोहोचत नसल्याने उंची आणि वेग चुकीचे दिसू लागले, रात्रीच्या अंधारात वैमानिकांना समुद्र किती जवळ आला आहे हे कळले नाही, आणि विमानातील सर्व ७० जण मृत्युमुखी पडले. ती पट्टी विमानाच्या चंदेरी अंगावर सहज उठून दिसणारी नव्हती. म्हणून फेरी रोज एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने घालावी. मध्येच कोणी हाक मारली आणि लक्ष विचलित झाले, तर जिथे थांबलो तिथून अंदाजाने पुढे न जाता थोडे मागून पुन्हा सुरुवात करावी.

इंधनाचा नमुना घेताना एक फसवी जागा आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पारदर्शक कपात त्याची वेगळी रेघ दिसते, हे पुस्तकात असते. परंतु संपूर्ण नमुनाच पाण्याचा असेल, तर रेघ दिसणारच नाही आणि कप अगदी स्वच्छ वाटेल. १००एलएल एव्हगॅसचा, म्हणजे या विमानांच्या पेट्रोलचा, रंग निळा असतो, म्हणून कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून रंग पाहावा आणि वासही घ्यावा. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. पाणी आढळल्यास प्रशिक्षकांना लगेच सांगावे, नमुना स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढावा आणि दुसऱ्या टाकीचाही घ्यावा.

कंट्रोल तपासताना स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) मोकळी हलते एवढे पाहून थांबणे ही अर्धवट तपासणी आहे, कारण दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या गेल्या असल्या तरी स्टिक मोकळीच हलेल. ती डावीकडे नेली की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर आणि उजवा खाली गेला पाहिजे. लक्षात ठेवण्यास सोपी युक्ती अशी की, अंगठा उभा ठेवून स्टिक धरावी. ती ज्या बाजूला झुकवाल, त्या बाजूचा एलेरॉन अंगठ्यासारखा वर उठलेला दिसला पाहिजे.

हवेत गेल्यावर, विशेषतः संगणकावरील सिम्युलेटर खेळून आलेल्या मुलांची नजर यंत्रांवर खिळून राहते. बाहेर पाहताना एक गोष्ट समजून घ्यावी: जे दुसरे विमान काचेवर सरकताना दिसते, ते बहुधा बाजूने निघून जाणार असते, जे एकाच जागी स्थिर राहून मोठे होत जाते, त्याच्याशी टक्कर होण्याचा धोका असतो. असे विमान दिसल्यास "सर, तिकडे" असे न म्हणता घड्याळाच्या भाषेत, विमानाच्या नाकासमोर बारा धरून, "दहा वाजता, आपल्यापेक्षा वर" असे सांगावे. कंट्रोल कोणाच्या हाती आहेत, याविषयीही क्षणभर संदिग्धता नसावी. प्रशिक्षक "यू हॅव कंट्रोल" म्हणाले, तर "आय हॅव कंट्रोल" असे मोठ्याने म्हणूनच स्टिक हातात घ्यावी आणि परत देतानाही हेच शब्द ऐकू आल्याशिवाय सोडू नये.

सर्दी लपवून उड्डाणाला येणारे कॅडेट मला सर्वांत जास्त भेटले आहेत, कारण उड्डाणाची संधी हुकण्याची भीती मोठी असते. नाक चोंदलेले असताना विमान खाली येऊ लागले की कानातील दाब समान होत नाही आणि असह्य वेदना होतात. अपुरी झोप आणि उपाशी पोट यांविषयीही आधीच सांगावे.

मी स्वतः कॅडेट असताना एकदा माझे पेन कॉकपिटमध्ये पडले आणि ते रडरच्या (शेपटीवरील सुकाणूच्या) पेडलखाली सरकले असेल, अशी शंका येऊनही मी उतरल्यावर काही वेळ गप्प राहिलो. पुढचा कॅडेट पट्टे बांधू लागला तेव्हा अखेर मी बोललो. उड्डाणे थांबली, सीट बाहेर काढली गेली, आणि पेन पेडलच्या मागच्या फटीत सापडले. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी ते पेन माझ्या हातात दिले आणि यापुढे विमानात चढताना बटण नसलेल्या खिशात काहीही ठेवायचे नाही, एवढेच सांगितले.