राहिलेली शालेय परीक्षा आणि कामाचे कौशल्य: तरुणाला मदत कशी करावी

अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे किंवा मुलीचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले, की घरची मंडळी बहुधा दोनपैकी एक सल्ला देतात: आधी परीक्षा दे, कामाचे नंतर बघू; किंवा आता शिक्षण पुरे, कामाला लाग. माझ्या मते दोन्ही गोष्टी बरोबरीने चालवाव्यात. जर्मनीतील दुहेरी व्यवसाय प्रशिक्षणात तरुण साधारणपणे आठवड्याचे तीन-चार दिवस कामाच्या जागी आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत शिकतात; तेथे एकाने दुसऱ्याचे अडत नाही.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. जुन्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळवून नेमके कोणते विषय राहिले आहेत, उत्तीर्ण विषयांचे गुण पुढे धरले जातात का, मुक्त शाळेतून किंवा बाहेरून परीक्षेला बसता येते का आणि अर्जाची अंतिम तारीख कोणती, हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडूनच विचारून घ्यावे. चौकशीचा फोन मात्र त्यालाच करू द्यावा आणि आपण शेजारी बसावे.

त्यानंतर गाडे कोठे अडले ते शोधावे, आणि याला घाईने उरकू नये. ‘गणित कच्चे आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. बीजगणित न जमणाऱ्याची खरी अडचण पुष्कळदा काही इयत्ता मागच्या अपूर्णांकांत असते. फळ्यावरचे नीट न दिसणे किंवा वाचनातील अक्षमता हेही कारण असू शकते. तशी शंका असल्यास तपासणी लवकर करावी, कारण परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी सहसा प्रमाणपत्र आधीच सादर करावे लागते.

अभ्यास रोज थोडा असावा आणि त्यात पुस्तक मिटून आठवण्याला मोठा वाटा द्यावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. वाचताना ‘येते’ असे वाटणे किती फसवे असते, ते यावरून कळते.

कौशल्य निवडण्यापूर्वी ते काम करणाऱ्याजवळ त्याला एक-दोन दिवस नुसते बसू द्यावे. शाळेतले गणित कामात कोठे लागते, तेही तेथे दिसते. उदाहरणार्थ, सुतारकामात 2,400 मिलिमीटरच्या फळीचे तीन समान तुकडे करायचे असतील, तर प्रत्येक तुकडा 800 मिलिमीटरचा निघत नाही. करवतीचे पाते प्रत्येक कापाला 3 मिलिमीटर लाकूड खात असेल, तर दोन कापांत 6 मिलिमीटर जातात आणि तुकडा 798 मिलिमीटरचा होतो. हे गणित ज्याने हाताने केले, त्याला वहीतली उदाहरणे परकी वाटत नाहीत.

उमेदवारी, म्हणजे कामाच्या जागी राहून काम शिकणे, स्वीकारण्याआधी कोण शिकवणार, काय शिकवणार, विद्यावेतन किती, परीक्षेच्या दिवसांत सुटी मिळेल का आणि शेवटी प्रमाणपत्र कोणाचे, हे लेखी घ्यावे. नुसते झाडू मारण्यात महिने जात असतील, तर ती उमेदवारी नव्हे. केलेल्या कामांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत, कारण अनुभव नसलेल्याला मुलाखतीत दाखवायला तेवढेच असते. उशीर होणार असल्यास आधी कळवणे, न समजल्यास पुन्हा विचारणे, या सवयीही याच काळात लावाव्यात.

मध्येच खाडे होतील. ते झाल्यावर रागवण्यापेक्षा, सलग तीन दिवस अभ्यास चुकला तर कोण कोणाला फोन करील आणि कोणता विषय पुढच्या सत्रावर ढकलायचा, हे पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी बोलून ठरवावे.