उपग्रह ट्रॅक करताना या चुका टाळा: अँटेनाला हात लावायच्या आधी डेटाची तारीख बघा

पास, म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातून जाणारी एक फेरी, हुकला की बहुतेक जण लगेच अँटेना उचकटतात, केबल बदलतात, नाहीतर प्रीअँप (सिग्नल वाढवणारं यंत्र) मागवून मोकळे होतात. अरे, आधी टीएलई किती जुना आहे ते तर बघा! टीएलई म्हणजे दोन ओळींत दिलेले कक्षेचे आकडे, ते एका ठराविक क्षणाचे असतात आणि तिथून जितके दिवस पुढे जाल तितकी चूक वाढत जाते.

एका कॉलेजच्या गच्चीवर पोरं स्पेस स्टेशनचं एसएसटीव्ही चित्र (रेडिओवर आवाजाच्या रूपात येणारं स्थिर चित्र) पकडायला जमली होती, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. गच्चीवर नेट नाही, सॉफ्टवेअरमधला टीएलई तीन आठवडे जुना, आणि मधल्या काळात स्टेशनचं रीबूस्ट झालेलं, म्हणजे इंजिन चालवून कक्षा थोडी वर ढकललेली. आता हिशोब बघा. कक्षा एक किलोमीटर वर गेली की एका फेरीला साधारण सव्वा सेकंद जास्त लागतो, दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोजचे १९ सेकंद, तीन आठवड्यांत सहा मिनिटांच्या वर! अख्खा पासच जेमतेम दहा मिनिटांचा असतो. स्क्रीनवर स्टेशन डोक्यावर आलं तरी रेडिओवर नुसती खरखर, म्हणून पोरांनी ठरवलं की यागीच (त्यांचा दिशा धरून रोखायचा अँटेना) खराब आहे आणि स्क्रू काढायला घेतले. मी मोबाईलवर ताजा टीएलई घेतला तर स्टेशन अजून वर येत होतं. मिनिटभरात एकाच्या हातातल्या साध्या वॉकीटॉकीवर एसएसटीव्हीची ती किरकिर सुरू झाली, चांगली स्पष्ट, आणि यागीचे एलिमेंट खाली जमिनीवर पसरलेले. फार वाईट वाटलं, पोरांनी मेहनत खरंच घेतली होती.

म्हणून माझी सवय अशी की घरून निघतानाच अपडेट मारायचं आणि पहिल्या ओळीतला इपॉक, म्हणजे आकडे ज्या क्षणाचे आहेत ती वेळ, स्वतः डोळ्यांनी वाचायचा, सॉफ्टवेअरच्या हिरव्या टिकवर माझा विश्वास नाही. २५०६०.५ असं दिसलं तर २०२५ सालातला साठावा दिवस, म्हणजे १ मार्च, आणि .५ म्हणजे दुपारचे बारा, पण यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ! आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. आणि मोजणी १ पासून सुरू होते, १ जानेवारी म्हणजे दिवस १. स्वतः कोड लिहिणारे इथे हमखास एका दिवसाने चुकतात.

कोडवरून आठवलं. टीएलईतले आकडे केप्लरच्या साध्या सूत्रात घालू नका, ते एसजीपी४ या कक्षा मोजायच्या मॉडेलसाठीच काढलेले सरासरी आकडे असतात. तयार लायब्ररी फुकट मिळते, ती वापरा. "मी शॉर्टकटमध्ये बसवतो" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण उत्तर जवळपास बरोबर दिसतं आणि चूक शोधण्यात अख्खा आठवडा जातो.

रेखांशाचं चिन्ह तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये पूर्व अधिक (+) असतं, काहींत पश्चिम. पुण्याचं ७३.८५ उलट्या चिन्हाने टाकलंत तर तुम्ही थेट हैतीत जाऊन बसता.

मोबाईलचा होकायंत्र पत्र्याच्या शेडखाली किंवा लोखंडी कठड्याजवळ वापरू नका.

नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर पास आहे एवढं पुरत नाही, तुमच्याकडे अंधार आणि उपग्रहावर ऊन असं दोन्ही लागतं, म्हणून संध्याकाळनंतरचे आणि पहाटेचेच पास धरा. मध्येच दिसेनासा झाला तर तो पृथ्वीच्या सावलीत गेला, तुमचं काही चुकलं नाही.

४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास डॉप्लर, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, एकाच फ्रिक्वेन्सीवर बसून राहू नका.

आणि नवीन उपग्रहाच्या बाबतीत तर उतावीळपणा अजिबात नको. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा 'स्वयम्' उपग्रह २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला तेव्हा तो धरून एकूण वीस उपग्रह होते. अशा वेळी सुरुवातीला यादीत नुसते ऑब्जेक्ट ए, बी, सी असतात आणि कोणता कोणाचा हे ठरायला वेळ लागतो. तोवर जवळचे दोन-तीन टीएलई घेऊन प्रत्येकाचा डॉप्लर ऐकून जुळवायचा, ज्याचा जुळेल तो आपला. सेलेस्ट्रॅक या टीएलई देणाऱ्या साइटवरून मात्र दर पाच मिनिटांनी फाईल ओढत बसू नका, डेटा तितक्या वेगाने बदलत नाही आणि तुमचा आयपी ब्लॉक होईल तो वेगळाच.