हॅकिंटॉश स्लीपमधून लगेच जागा होतो: यूएसबी पोर्टांचा नकाशा करून सुटलं

हॅकिंटॉशची, म्हणजे मॅकओएस चालवणाऱ्या साध्या पीसीची, लक्षणं दोन होती. स्लीप दिलं की पंखे थांबायचे आणि दोन-तीन सेकंदांत मशीन परत जागं व्हायचं. शिवाय निळ्या पोर्टात लावलेली एसएसडी सेकंदाला जेमतेम ४० एमबी द्यायची. मूळ एकच निघालं: यूएसबी पोर्टांची चुकीची नोंद.

इंटेलच्या ३०० सिरीज चिपसेटवर २६ पोर्ट असतात: एचएस१४ पर्यंतचे एचएस (यूएसबी २ चे) १४, यूएसआर (इंटेलच्या दूरस्थ व्यवस्थापनाचे) २, एसएस (यूएसबी ३ चे) १०. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च घेतं. पहिल्या पंधरात एकही एसएस बसत नाही, म्हणून यूएसबी ३ चा वेग गायब. ओपनकोअर या बूटलोडरमधल्या, ही मर्यादा उठवणाऱ्या एक्सएचसीआय पोर्ट लिमिटवर विसंबू नका, मॅकओएस ११.३ पासून ते चालत नाही.

आधी चालू ईएफआयची (ओपनकोअर असलेल्या बूट फोल्डरची) प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स हे पोर्ट नोंदवायचं टूल उघडा आणि प्रत्येक सॉकेटात आधी यूएसबी २ चा, मग ३ चा पेनड्राइव्ह घाला. एक निळं सॉकेट दोन पोर्ट (एक एचएस, एक एसएस) खातं, १५ मोजताना इथेच हिशेब चुकतो. टाइप-सी उलटसुलट लावून बघा: दोन्ही वेळा तोच एसएस पोर्ट दिसला तर टूलमध्ये कनेक्टरचा प्रकार ९ निवडा, बदलला तर १०.

स्लीपची खरी गोम ब्लूटूथमध्ये होती. कार्डाचा एचएस१४ बाहेरचा पोर्ट म्हणून नोंदला होता. त्याचा प्रकार २५५, म्हणजे अंतर्गत, केला.

तयार झालेली यूटीबीमॅप आणि तिच्यासोबत लागणारी यूएसबीटूलबॉक्स या दोन्ही केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) ओसीच्या, म्हणजे ओपनकोअरच्या, केक्स्ट्स फोल्डरमध्ये टाका, प्रॉपरट्री या एडिटरने ओसी स्नॅपशॉट घ्या (म्हणजे त्यांची नोंद कॉन्फिग फाइलमध्ये होते), पोर्ट लिमिट बंद करा, एनव्हीरॅम (मदरबोर्डवर साठवलेली बूट सेटिंग्ज) रीसेट करा. बायोस अपडेट केलं तर नकाशा पुन्हा तपासा.