कंट्रोल डब्याला बिजागरी लावताय? आधी या चुका टाळा

चादरीचा कारखाना असो वा टॉवेलचा, सोलापुरात मागावरचा कंट्रोल डबा दर आठ-दहा दिवसांनी उघडावाच लागतो. कापसाची धूळ आतल्या कार्डावर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर, बसतेच. दर वेळी आठ स्क्रू काढण्यापेक्षा झाकणाला एका बाजूने बिजागरी आणि दुसऱ्या बाजूने चावीचं कुलूप लावलेलं केव्हाही चांगलं. मी हे काम करून देतो. पण घरच्या घरी करताना बिघडवलेले डबेच माझ्याकडे जास्त येतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कार्ड आत ठेवून ड्रिल मारणं. अक्कलकोट रोडकडच्या एका कारखान्यात जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, कार्डावर पेपर अंथरला आणि भोकं पाडली. माग दोन दिवस नीट चालला. तिसऱ्या दिवशी आवाज झाला, धूर निघाला, कार्ड काळं. भिंगाखाली पाहिलं तर रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) दोन पायांमध्ये पत्र्याचा जेमतेम तीन मिलिमीटरचा कीस. पेपर उचलताना तो आत सांडला होता आणि मागाच्या धडधडीने सरकत सरकत तिथे पोहोचला. वाचवली होती दहा मिनिटं. माग आठवडाभर बंद राहिला. मला अजून त्याची हळहळ वाटते, कारण ते कार्ड चांगलं होतं.

म्हणून मी आधी कनेक्टरचे फोटो काढतो, मग कार्ड सोडवून दुसऱ्या खोलीत ठेवतो. भोकं पाडून कडा कानशीने घासतो, डबा ब्रशने झाडतो, ओल्या फडक्याने पुसतो. नुसत्या लोहचुंबकावर विसंबू नका, अ‍ॅल्युमिनियमचा कीस त्याला चिकटत नाही. आणि मेन बंद केला म्हणजे करंट गेला असं नाही. २३० व्होल्टचं डीसी झालं की मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. मीटर दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय मी आत बोट घालत नाही. घाई असेल त्याने हे काम हाती घेऊच नये.

दुसरी चूक अर्थिंगची. बिजागरी लोखंडाची आहे, मग अर्थ मिळणारच, असं बरेच जण धरून चालतात. रंगावर बसवलेल्या, गंजलेल्या बिजागरीचा काय भरवसा? आत एखादी वायर सोलली तर झाकणाला हात लावणाऱ्यालाच झटका बसेल. डबा आणि झाकण, दोन्हीकडचा रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, अर्थची हिरवी-पिवळी वायर लगसकट (टोकाच्या धातूच्या कडीसकट) घट्ट कसा. झाकण आणि अर्थ पिनमध्ये एक ओहमच्या आत रीडिंग आलं पाहिजे.

झाकणावर स्विच असेल तर वायर सैल ठेवा आणि बिजागरीच्या बाजूनेच वळवा. पत्र्यातून वायर काढताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (रबराची कडी) हवाच. कुलपाऐवजी नुसती कडी लावू नका, चालू मागावर कोणीही उघडतं. मे महिन्यात डबा तापतो म्हणून झाकणाला भोकं पाडणारे तर दर वर्षी भेटतात. त्या भोकांतून कापूस आत जातो आणि डबा आणखी तापतो.